अर्ध्या दाताची साक्ष

१

"सुई नगं म्हंजे नगं! आधी हिचं तोंड बघा, मग माझ्या दंडाला हात लावा."

एकशेतीन ताप असलेल्या बाईचा आवाज इतका खणखणीत निघेल असं कुणालाच वाटलं नव्हतं. गौरम्मा कॉटवर उठून बसली होती. हुडहुडीने अंग थडथडत होतं. एक हात कमरेमागे दुखऱ्या जागी दाबलेला, आणि दुसऱ्या हाताने तिने आपल्या मुलीची हनुवटी धरून तिचं तोंड उघडलं होतं.

जगदेवी बावीस महिन्यांची. गोरीपान, गुटगुटीत, आईसारख्या लांब पापण्यांची. पण दात असे, की कुणी चहाच्या चोथ्यात बुडवून काढले असावेत. पोर हसली की बघणारा आधी हसायचा आणि मग नजर दुसरीकडे वळवायचा.

१९७६ सालचा एप्रिल होता. सात रस्त्याजवळच्या देगावकर डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात सकाळी दहालाच भिंती तापल्या होत्या. खिडकीला वाळ्याचा पडदा होता, पण त्यावर पाणी मारायला आज कुणाला सवड नव्हती. लीलासिस्टर चाचणीची सुई हातात घेऊन तशीच उभी राहिली.

"पयल्या खेपंला तुमच्याच औषधानं हिचे दात करपले," गौरम्मा म्हणाली. "आता पाचवा म्हैना चाललाय. ह्या खेपंला काय करपवायचंय?"

"अगं, हे औषध वेगळं आहे," डॉक्टर म्हणाले. "पेनिसिलिनच्या जातीचं. पोटुशी बाईला चालतं."

"तवाबी चालतंय म्हणूनच दिलं असंल की."

डॉक्टरांनी डोळ्यानेच लीलाला बाहेर बोलावलं.

"मूत्रपिंडाला सूज आहे," व्हरांड्यात ते हळू आवाजात म्हणाले. "ताप असाच राहिला तर मूल हाती लागणार नाही. बाईचंही मी काही सांगू शकत नाही. दिवेलागणीपर्यंत सुई गेली पाहिजे, सिस्टर. आणि हातपाय धरून मी टोचणार नाही."

"मागच्या खेपेला नेमकं काय झालं ते तिला पटवून देता आलं, तर ऐकेल ती."

"काय झालं ते ठाऊकच आहे की. आपल्या कंपाउंडरने, यज्ञेश्वराने, गोंधळ घातला."

सव्वा वर्ष लीला यावर काही बोलली नव्हती.

आत जाऊन तिने जगदेवीला कडेवर घेतलं, पडदा जरा बाजूला सारला आणि उन्हाच्या तिरपेत पोरीचा वरचा ओठ बोटाने अलगद उचलला. पोर खिदळली. लीला मात्र बघतच राहिली.

दात खालच्या कडेला तपकिरी होते. पण वर, हिरडीजवळ, ते दुधासारखे पांढरे होते.

मागे पाहिलं तेव्हा हे पांढरं कुठे होतं?

२

मागे म्हणजे पंच्याहत्तरच्या संक्रांतीला. जगदेवीला नुकते दात फुटत होते, आणि तिची आजी चंद्रव्वा तिला पदराखाली झाकून दवाखान्यात घेऊन आली होती. हिरडीतून पिवळीधम्मक कडा तेवढी वर आली होती. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं, की गरोदरपणात टेट्रासायक्लिन पोटात गेलं की असं होतं. ते औषध बाळाच्या दातांत जाऊन बसतं. आधी पिवळं दिसतं, मग उजेड लागून तपकिरी होतं. गरोदर बाईला ते द्यायचंच नसतं.

मग दिलं कुणी? गौरम्माचं कार्ड काढलं. त्या गरोदरपणात तिची एकच नोंद सापडली, सातव्या महिन्यातली. माहेरी मंद्रूपला जाण्याच्या आदल्या दिवशी ती लघवीला जळजळते म्हणून आली होती. डॉक्टर त्या दिवशी लग्नासाठी करमाळ्याला गेले होते, आणि कंपाउंडर यज्ञेश्वर याने आपल्या अखत्यारीत औषध दिलं होतं.

"साधं मिक्श्चर दिलं, डॉक्टर. जळजळीचं. टेट्रासायक्लिनच्या कपाटाला मी हातसुद्धा लावला नाही."

"पुरावा?"

"मी सांगतोय की."

एवढंच तो म्हणाला. चंद्रव्वाने भर दवाखान्यात बोटं मोडली, "माझ्या नातीचं तोंड इद्रूप केलंस, तुझं वाटोळं हुईल," म्हणाली. रांगेतले पेशंट माना वळवून बघत होते. आठवड्याने यज्ञेश्वराने आपला पांढरा कोट घडी करून खुर्चीवर ठेवला आणि तो गेला. कुठे, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. करमाळ्याला त्याचा भाऊ होता, एवढं मात्र माहीत होतं.

आताच्या पोरींना सांगून खरं वाटायचं नाही, पण तेव्हा औषध असं आयतं, चकचकीत वेष्टनात मिळत नसे. घरून बाटली न्यायची. कंपाउंडर तीत लाल नाहीतर गुलाबी पाणी भरायचा आणि बाटलीच्या अंगावर कागदाची खाचांची पट्टी चिकटवून द्यायचा. एक खाच म्हणजे एक डोस. यज्ञेश्वर कागदाची घडी घालून कात्रीच्या एका फटक्यात सहा खाचा पाडायचा, सगळ्या एकसारख्या. समोर बसून लीला त्या पट्ट्या खळीने चिकटवायची. दुपारी गिरणीचा भोंगा होईपर्यंत दोघांचं हेच चालायचं. बोलणं फारसं व्हायचं नाही. तो गेल्यावर लीलाला कळलं, की आपण ज्याला न बोलणं समजत होतो ते न बोलणं नव्हतंच.

आता ती डॉक्टरांच्या टेबलासमोर उभी होती.

"डॉक्टर, दात कुठून तयार व्हायला लागतो? टोकाकडून की मुळाकडून?"

"टोकाकडून. कडा आधी होते, मग मुळाकडे भरत जातो."

"म्हणजे चादर विणतात तसंच. आधी विणलेलं एका टोकाला जातं. रंगीत सूत कुठे दिसतं त्यावरून विणकर सांगतो, ते कधी घातलं."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "तुम्हाला म्हणायचंय काय?"

"जगदेवीच्या दाताची कडा तेवढी तपकिरी आहे. सुळ्यांना तर टोकावर नुसता ठिपका. बाकी सगळं पांढरं. संक्रांतीला आपण बघितलं तेव्हा कडाच तेवढी बाहेर आली होती, म्हणून अख्खा दात पिवळा वाटला."

डॉक्टर उठले आणि कपाटातलं जाडजूड पुस्तक काढून पानं उलटू लागले. दातांच्या चित्राचं पान मिळालं. त्यावरून त्यांचं बोट सावकाश फिरलं आणि एका जागी थांबलं.

"दुधाच्या दातांची कडा... चौथा महिना सरताना, पाचव्यात."

"आणि यज्ञेश्वराचं मिक्श्चर सातव्यातलं."

डॉक्टरांनी पुस्तक मिटलं.

"अर्धा दात बघून मी माणूस घालवला," डॉक्टर म्हणाले. मग एकदम त्यांच्या कपाळावर आठी चढली. "पण सिस्टर, पाचव्या महिन्यात तर ती या दवाखान्याची पायरीही चढलेली नाही! मग दिलं कुणी?"

३

जगदेवी जन्मली वटपौर्णिमेच्या सुमारास. लीलाने बोटांवर मागे मोजलं. पाचवा महिना पडत होता जन्माआधीच्या संक्रांतीला, म्हणजे ऐन गड्ड्याच्या जत्रेत.

ती गौरम्माच्या कॉटशी जाऊन बसली. ओल्या फडक्याची घडी कपाळावर बदलली.

"सुईचं नाही विचारत. दुसरंच विचारते. जगूच्या वेळी गड्ड्याला गेली होतीस का गं?"

"कुटलं जातीय?" गौरम्माच्या कोरड्या ओठांवर जरा हसू आलं. "नंदीध्वज दारावरनं गेले तरी उठवंना. ताप हुता, खोकला हुता. लई वाटत हुतं बांगड्या भरायला जावं."

"दवाखान्यात का नाही आलीस?"

"कुबस झालं नव्हतं न्हवं. त्याच्या आधी बाहीर सांगायचं न्हाय, असं अत्तींचं."

अत्ती म्हणजे सासू. आणि कुबस म्हणजे माहेरच्यांनी येऊन गर्भार लेकीला हिरवी चोळी घालायची. त्याआधी बातमी उंबऱ्याबाहेर जाऊ द्यायची नाही, ही चंद्रव्वाची आण होती. तिची स्वतःची पहिली दोन्ही बाळं पोटातच गेली होती, आणि बातमी फुटली म्हणून गेली अशी तिची पक्की समजूत होती.

"मग ताप उतरला कशाने?"

"कशानं न्हाय. आपसूक. औषधाचा थेंब न्हाय घेतला मी. अत्ती मध चाटवायच्या, त्येवढाच. त्योबी मेला कडू. करंजाच्या फुलाचा हाय म्हणायच्या." तिने डोळे मिटले. "जावा आता. अंग फुटाय लागलंय."

व्हरांड्यात बाकावर धुळाप्पा बसला होता. हा गौरम्माचा मामा. मंद्रूपला तो झाडपाल्याची औषधं द्यायचा, आणि भाची आजारी पडल्याचं कळताच सकाळच्या एसटीने आला होता. मांडीवर कापडी पिशवी, आणि पिशवीत कागदी पुड्या.

"या सिस्टर, बसा," तो म्हणाला. "तुमच्या इंग्रजी दवाखान्यात माज्यासारख्याचं काय काम, असं वाटत असंल. पर भाची हाय."

"पुड्यांत काय असतं, मामा?"

"आली का शंका!" त्याने एक पुडी तिच्यापुढे उघडली. आत पिवळी पूड होती. टेट्रासायक्लिनची पूडही अशीच पिवळी असते.

"चाटून बघा की. भेताय व्हय?"

लीलाने बोटावर घेऊन जिभेला लावली. हळद, सुंठ आणि कसलंतरी सुगंधी मूळ.

"ही गौरम्माला दिली होतीत?"

"दिली की. बाळंतपणाला मंद्रूपला आली त्या दिवसापास्नं. सातव्यात."

म्हणजे पुन्हा सातवाच. दाताच्या हिशेबात धुळाप्पाही बसत नव्हता.

"त्याच्या आधी, गड्ड्याच्या दिवसांत?"

"तवा द्यायला गेलो हुतो. मला काय माहीत ती पोटुशी हाय ते? मला म्हंजे मला, मामाला न्हाय सांगितलं! नुसता ताप म्हणाले. मी पुडी काढली, तर चंद्रव्वा दारातच आडवी. म्हणाली, 'तुझा पाला नगं, डाक्टरचं औषध चालू हाय.' आन ती सोता अशी खोकत हुती, की मला वाटलं हिचीच उत्तरपूजा हुतीय आता."

लीला पुडी त्याच्या हातात परत देऊन उठली.

गौरम्मा म्हणत होती, औषधाचा थेंब घेतला नाही. चंद्रव्वा म्हणाली होती, डॉक्टरचं औषध चालू आहे. दोघींपैकी खोटं कोण बोलत होतं?

४

कार्डांचं कपाट लाकडी होतं, लांब लांब खणांचं. यज्ञेश्वर गेल्यापासून त्यातली शिस्त गेली होती. पण जुनी कार्डं अजून त्याने लावली तशीच उभी होती, आणि त्यांवर त्याचं ते बारीक, जरा डावीकडे झुकलेलं अक्षर होतं. लीला हे खण सहसा उघडत नसे.

या वेळी तिने गौरम्माचं कार्ड काढलं नाही. चंद्रव्वाचं काढलं.

औषधाच्या नोंदी डॉक्टरांच्या होत्या. पण यज्ञेश्वराला एक खोड होती. पेशंट खिडकीशी उभं राहून जे काही बोलेल, ते तो कार्डाच्या कडेला टिपून ठेवायचा. डॉक्टर त्याला हसायचे. "पुराण लिहितोय," म्हणायचे.

चौऱ्याहत्तरचा जानेवारी, संक्रांतीचा आदला दिवस. डॉक्टरांच्या हातचं: छातीत कफ, ताप. टेट्रासायक्लिन, दहा दिवस. शेजारी त्या झुकलेल्या अक्षरात: 'कॅप्सूलचे टरफल कशाचे असते, असे विचारले. हाडाचे असते हे खरे का, म्हणाल्या. मी नीट सांगू शकलो नाही. रिकामी करून घेतली तर चालेल का, असेही विचारले.'

खाली बारा दिवसांनंतरची नोंद: 'खोकला होता तसाच. तिळभर आराम नाही. डॉक्टरांना नवल वाटले.' आणि अगदी कोपऱ्यात, जागा पुरत नसताना कोंबून लिहिलेलं: 'औषध घेतले असेल का?'

लीला कार्ड हातात धरून खाली बसली. दोन वर्षांपूर्वी, या खिडकीच्या आत उभं राहून, त्या माणसाने नेमका प्रश्न विचारून ठेवला होता. तो कुणी वाचलाच नव्हता. ज्याने लिहिला, त्यालाही तो गौरम्माच्या कार्डाशी जोडायचं सुचलं नव्हतं. घरात गर्भार सून आहे हे त्याला तेव्हा कुठे माहीत होतं?

दहा दिवसांचं औषध घरात गेलं होतं. म्हातारीला त्याचा गुण आला नव्हता. आणि त्याच दहा दिवसांत सुनेचा ताप आपसूक उतरला होता.

दोघींपैकी खोटं कुणीच बोलत नव्हतं.

बाहेर साडेतीनचा भोंगा झाला. दिवेलागणीला तीन तास उरले होते, आणि आतून वॉर्डबाईची हाक आली, "सिस्टर, लवकर या! ताप एकशेचारवर गेलाय!"

५

चंद्रव्वा मागच्या व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली होती. कपाळभर विभूती, गळ्यात लिंगाची चांदीची पेटी, मांडीवर झोपलेली जगदेवी. लीला तिच्याशेजारी जमिनीवरच बसली. गौरम्माच्या अंगाला गार पाण्याच्या पट्ट्या लावून ती नुकतीच आली होती, हात अजून ओले होते.

"चंद्रव्वा, त्या गड्ड्याच्या वर्षीचा तुमचा खोकला कधी गेला हो?"

"आता माझ्या खोकल्याचं काय काढलंय, बाई? सून जळतीया तिकडं."

"सांगा तरी."

"शिवरात झाली तरी हुता. बरगड्या मोडायच्या राहिल्या."

"डॉक्टरांनी तर चांगलं दहा दिवसांचं औषध दिलं होतं."

म्हातारीने पोरीच्या अंगावरची माशी हाकलली. "आमच्यात कॅप्सूल कुणी गिळत न्हाय. हाडाचं टरफल असतंय त्येचं. गळ्यात लिंग घालून मी हाड गिळू व्हय?"

"मग त्या सगळ्या कॅप्सूल कुठे गेल्या?"

"टरफलं उकिरड्यात नेऊन पुरली. घरात कशाला ठेवू?"

"आणि आतली पूड?"

"पूड..." चंद्रव्वा म्हणाली, आणि थांबली.

म्हातारीचा हात पोरीच्या गालावर होता. तो सावकाश सरकत ओठापर्यंत आला. झोपेत पोरीचं तोंड जरासं उघडं होतं.

"पिवळी हुती," चंद्रव्वा हळू आवाजात म्हणाली. "हळदीगत. गौरी तापानं फणफणलेली. डाक्टरकडं न्यावं तर बातमी फुटायची. माज्या पोटची दोन गेली, तसं हिचं जाऊ ने म्हणून... म्हटलं, डाक्टरचंच तर औषध हाय, मला हाय ते हिलाबी हाय, ताप तोच, खोकला तोच. मी काय, म्हातारी. आज न्हाय तर उद्या. मधात कालवून चाटवली. सांगितलं न्हाय तिला, हाडाच्या टरफलातलं हाय म्हटलं तर वकली असती." तिने लीलाकडे बघितलं. "मला वाटलं बाई, वाईट असंल ते टरफलात असंल. आत समदं चांगलंच असंल."

"औषध वाईट नव्हतं, चंद्रव्वा. तुम्हाला ते बरोबरच होतं. पण पोटातल्या बाळाला ते चालत नाही. त्याच्या दाताहाडांत उतरतं."

"म्हंजे मीच."

लीलाने ओले हात मांडीवर पुसले.

"मीच की गं!" म्हातारीचा आवाज फाटला. जगदेवी दचकून जागी झाली. "आन त्या कंपाउंडरला मी भर दवाखान्यात... अय्यो शिवा! त्यो खालमानेनं उभा हुता. एक शब्द उलटून बोलला न्हाय."

"नव्हताच तो तसा बोलणारा," लीला म्हणाली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "गौरम्माला मी सांगते. तुमचं नाव न घेता सांगेन. औषध चुकून पोटात गेलं, एवढंच."

"न्हाय." चंद्रव्वा पोरीला कडेवर घेऊन भिंतीच्या आधाराने उभी राहिली. "तिला आता कुणाचंच खरं वाटंना झालंय, ते माज्यामुळंच. मीच सांगते."

६

ती कॉटजवळ गेली, तेव्हा डॉक्टर आणि धुळाप्पा दारातच थांबले. गौरम्माचे डोळे तांबारले होते. चंद्रव्वाने प्रस्तावना केली नाही.

"गौरी, त्यो मध करंजाचा नव्हता. माज्या खोकल्याचं औषध हुतं त्यात. कॅप्सूल फोडून घातलं मी. जगूचे दात त्या कंपाउंडरनं न्हाय, मी खराब केले. ही सुई त्या औषधाची न्हाय. आता मला काय बोलायचं ते बोल, पर सुई घे."

गौरम्मा सासूकडे बघत राहिली. तिचा श्वास उथळ चालला होता. ती आता किंचाळेल, असं लीलाला वाटलं. सव्वा वर्ष या पोरीने शेजारणींच्या नजरा सोसल्या होत्या, मुलीला फोटोत हसू नको म्हणून दटावलं होतं.

"मला ऐकू यायचं," गौरम्मा शेवटी म्हणाली. "भिंतीपल्याड तुमी खोकायचा ते. मी म्हणायची, अत्ती औषध का घेत न्हाईत." तिच्या डोळ्यांच्या कोपऱ्यातून पाणी कानाकडे ओघळलं. "तुमचं मलाच घालत हुता व्हय?"

चंद्रव्वाने पदर तोंडात धरला.

"आणि गौरम्मा," लीला पुढे झाली, "हे दुधाचे दात आहेत. सात-आठ वर्षांची झाली की पडतील. पक्के दात जन्मानंतर घडायला लागतात, ते तू औषध घेतलंस तेव्हा नव्हतेच. ते पांढरे येतील."

"खरं?"

"पुस्तकात आहे. दाखवू?"

"नगं. मला वाचाय कुटं येतंय." गौरम्माने दंडावरची चोळीची बाही वर सरकवली. "टोचा. पर हात अत्तींनी धरायचा."

चंद्रव्वाने हात धरला. मग डॉक्टरांकडे वळून, नाक ओढत, अगदी गंभीरपणे विचारलं, "डाक्टर, ह्या सुईत हाड न्हाय न्हवं?"

"नाही हो. काच आणि लोखंड."

"मग हरकत न्हाय."

दारात धुळाप्पा खुदकन हसला, आणि कितीतरी वेळाने डॉक्टरही हसले. लीलाने आधी चाचणीची सुई दिली, घड्याळ लावून वाट बघितली. त्वचा लाल झाली नाही. तेव्हा खरी सुई दिली. सात रस्त्यावरचे दिवे अजून लागायचे होते.

तिसऱ्या दिवशी पहाटे ताप उतरला. पोटातलं हलतंय, असं गौरम्माने स्वतःच सांगितलं.

७

पत्र घालायचं चंद्रव्वानेच मनावर घेतलं. "त्या मान्साला कळवा. मी सांगते तसं लिवा," म्हणून ती डॉक्टरांसमोर ठाण मांडून बसली. डॉक्टरांनी आपली चूकही लिहिली, अर्ध्या दाताची. आणि कार्डाच्या कडेला त्याने काय टिपून ठेवलं होतं, तेही. खाली त्यांनी सही केली, आणि शेजारी चंद्रव्वाने निळ्या शाईचा अंगठा उठवला. पत्र करमाळ्याला भावाच्या पत्त्यावर गेलं.

मे गेला, जून गेला. पोस्टमन दारावरून सायकलची घंटी वाजवत जायचा, आणि लीला हातातलं काम न सोडता ऐकायची, घंटी थांबते का. श्रावणात गौरम्माला मुलगा झाला. दसरा झाला. पुन्हा गड्डा भरला, उठला. वाट बघण्याची सुद्धा माणसाला एक सवय होऊन बसते, आणि ती सवय मोडू नये असंही वाटायला लागतं.

शिवरात्रीच्या आदल्या दिवशी चंद्रव्वा नातवाला घेऊन आली. "बघा, बघा!" पोराच्या खालच्या हिरडीतून तांदळाच्या कणीएवढी कडा वर आली होती. पांढरीशुभ्र. डॉक्टरांनी बघितली, धुळाप्पाच्या पुड्यांची चौकशी केली, आणि मग टेबलाच्या खणातून एक पोस्टकार्ड काढलं.

"हे सकाळी आलं," ते म्हणाले. "माझ्या नावाने आहे. पण शेवटची ओळ माझ्यासाठी नसावी."

कार्डावर तीन गावांचे शिक्के होते. पत्र भावाकडून कुठे कुठे फिरून त्याला गाठत गेलं होतं. पत्ता उदगीरकडच्या एका खेड्यातल्या दवाखान्याचा, आणि अक्षर तेच, जरा डावीकडे झुकलेलं.

'पत्र पोचले. बाई वाचल्या, हे वाचून बरे वाटले. चंद्रव्वांना माझा राग नाही, असे सांगावे. त्यांचा खोकला पुन्हा झाला का, ते कळवावे. बाटल्यांवर पट्ट्या हल्ली कोण लावते?'

लीलाने ते उभ्याउभ्या दोनदा वाचलं. मग ती औषधाच्या खिडकीशी जाऊन बसली. तयार गोळ्यांचे डबे आता कपाटात दाटीने भरले होते. मिक्श्चरच्या बाटल्या दिवसाला चार-दोनच उरल्या होत्या. त्यांच्या पट्ट्या तीच कापायची आणि तीच चिकटवायची.

तिने टाक उचलला आणि परत ठेवला. कागदाची घडी घातली, कात्री घेतली, आणि एका फटक्यात खाचा पाडायचा प्रयत्न केला. नेहमीसारखाच तो फसला. सहा खाचा होत्या, पण एक खोल, एक उथळ, एक तिरकी.

पाकिटात तिने पत्र घातलंच नाही. ती पट्टी तेवढी घातली, वरती पत्ता लिहिला, आणि दुपारचा भोंगा व्हायच्या आत सात रस्त्यावरच्या पेटीत टाकून आली.